रुळांवरची रसना : पुण्याहून रेल्वेने एका दिवसाच्या खाद्यसहली

प्रतिनिधी

सुटीचा दिवस उजाडला, की पुण्याबाहेर पडणाऱ्या मोटारींच्या रांगा कात्रजच्या बोगद्यापासून द्रुतगती महामार्गाच्या टोलनाक्यापर्यंत लागतात. चार घास वेगळे खावेत, मोकळी हवा घ्यावी आणि रात्री घरी परतावे, एवढाच बहुतेकांचा बेत असतो. प्रत्यक्षात दिवसाचा निम्मा वेळ वाहतूक कोंडीत जातो आणि घरातील एकाला दिवसभर चाक हातात धरून बसावे लागते. याच वेळी पुणे स्थानकातून पश्चिम, पूर्व आणि दक्षिण अशा तीन दिशांना गाड्या सुटत असतात आणि त्यांच्या वाटेवर खवय्यांना खुणावणारी कितीतरी गावे आहेत.

बिबवेवाडी, गुलटेकडी आणि परिसरातील रहिवाशांना तर याचा पुरावा दाराशीच मिळतो. हाकेच्या अंतरावरील मार्केट यार्डात मावळचा तांदूळ, दौंडकडचा गूळ, पुरंदरचे अंजीर आणि सीताफळ टेंपो भरभरून येते. हा माल ज्या भागांतून येतो, तेथून रेल्वेमार्गही गेला आहे. बाजारात येणाऱ्या मालाचा माग उलट दिशेने काढत गेले, की पुण्याभोवतीच्या खाद्यसहलींचा नकाशा तयार होतो. या नकाशात एक गोष्ट मात्र नीट बसत नाही, ती म्हणजे वाइन. द्राक्षे पिकवणाऱ्या जिल्ह्यांच्या मधोमध असूनही पुणेकराला आगगाडीने 'वायनरी'च्या दारात उतरता येत नाही. त्याची कारणे पुढे येतीलच.

घर ते स्थानक

बिबवेवाडीला स्वतःचे रेल्वे स्थानक नाही. अप्पर इंदिरानगरच्या बाजूने स्वारगेट आणि पुणे स्थानकाकडे 'पीएमपी'च्या बस जातात. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा मेट्रोचा भुयारी टप्पा सुरू झाल्यापासून आणखी एक सोय झाली आहे. स्वारगेटला मेट्रो पकडून थेट शिवाजीनगरला उतरता येते किंवा जिल्हा न्यायालय स्थानकात मार्गिका बदलून पुणे रेल्वे स्थानक गाठता येते. लोणावळ्याकडे जाणाऱ्यांना शिवाजीनगर सोयीचे. दौंड व साताऱ्याच्या बाजूला जाणाऱ्यांनी पुणे स्थानकावरच जावे. अलीकडे काही गाड्या हडपसर स्थानकातून सुटतात, त्यामुळे तिकिटावरील स्थानकाचे नाव वाचूनच घर सोडणे शहाणपणाचे.

पश्चिमेकडे : मावळचा भात, लोणावळ्याची चिक्की

एका दिवसाच्या सहलीसाठी सर्वांत सोपा मार्ग लोणावळ्याचा. पुणे-लोणावळा 'लोकल' १९७८ मध्ये सुरू झाली. सुमारे ६४ किलोमीटरच्या या अंतराला साधारण दीड तास लागतो. तिकीट स्वस्त, आरक्षणाची भानगड नाही आणि मन झाले तर मधल्या कोणत्याही स्थानकावर उतरण्याची मुभा. एकच अडचण म्हणजे दुपारच्या वेळेत दोन 'लोकल'मधील अंतर बरेच वाढते. त्यामुळे सकाळी लवकर जावे आणि परतीची वेळ आधीच ठरवावी.

बहुतेक प्रवासी थेट लोणावळा गाठतात. तथापि खवय्यांनी पहिला मुक्काम वडगाव किंवा कामशेतला करावा. पुण्याच्या घराघरांत पोहोचलेला 'इंद्रायणी' तांदूळ याच मातीतला. वडगाव मावळ येथील कृषी संशोधन केंद्रात 'आंबेमोहोर १५७' आणि 'आयआर ८' या वाणांच्या संकरातून तो तयार करण्यात आला आणि १९८७ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आला. सुवास आंबेमोहोराचा आणि उत्पन्न मात्र त्याहून अधिक, हे त्याच्या यशाचे रहस्य. दिवाळीनंतर भातकापणी आणि झोडणी आटोपली, की मावळातील गिरण्यांमध्ये नव्या तांदळाची लगबग सुरू होते. नवा इंद्रायणी शिजल्यावर चिकट होतो. वरणासोबत कालवलेला आसट भात ज्यांना प्रिय आहे, त्यांनी नवा घ्यावा. मोकळा भात हवा असलेल्यांनी वर्षभर मुरलेला जुना तांदूळ मागावा. 'इंद्रायणी' या नावाखाली बाजारात बरेच काही विकले जाते, म्हणून गिरणीवर दाणा हातात घेऊन, वास घेऊन खरेदी करण्यात अर्थ आहे.

पुढे लोणावळ्यात चिक्की. रेल्वे आणि खाद्यपदार्थ यांचे नाते किती घट्ट असते, हे पाहायचे तर याहून चांगले उदाहरण नाही. खंडाळा ते पुणे हा रेल्वेमार्ग १४ जून १८५८ रोजी खुला झाला. बोरघाटाचे काम मात्र १८६३ मध्ये पूर्ण झाले. मधल्या पाच वर्षांत प्रवाशांना घाटाच्या एका टोकाला उतरून पालखीने किंवा पायी दुसऱ्या टोकाची गाडी गाठावी लागे. घाटात राबणाऱ्या मजुरांना शेंगदाणे आणि गुळाची गुडदाणी विकली जाई, तिचीच पुढे चिक्की झाली, असे सांगितले जाते. थोडक्या पैशांत पोट भरणारा, लवकर न बिघडणारा आणि खिशात मावणारा हा पदार्थ मजुरांप्रमाणेच प्रवाशांनाही मानवला. स्थानकाच्या फलाटावरून तो मुंबई-पुण्याच्या घरांत शिरला. आज काजू, तीळ, राजगिरा, खोबरे असे अनेक प्रकार मिळत असले, तरी शेंगदाणा आणि गूळ हीच मूळ जोडी. चांगली चिक्की तोडताना कटकन आवाज व्हावा आणि ती दाताला चिकटू नये, एवढी साधी कसोटी लावली तरी पुरे. चिक्कीच्या जोडीला लोणावळ्याच्या चॉकलेट 'फज'नेही अनेक पिढ्यांना जिभेवर ठेवले आहे.

घाट उतरून पलीकडे गेले, की कर्जत. लोकल तेथवर जात नाही, मुंबईकडे जाणारी आणि कर्जतला थांबणारी गाडी पकडावी लागते. बोरघाटाचा चढ काही ठिकाणी ३७ फुटांना एक फूट इतका तीव्र आहे. मुंबईकडून पुण्याला येणाऱ्या गाड्यांना मागून रेटा देण्यासाठी कर्जतला जादा इंजिने, म्हणजे 'बँकर', जोडतात. त्यासाठी गाडीला काही मिनिटे थांबावेच लागते. या सक्तीच्या थांब्यातून कर्जतचा बटाटेवडा प्रसिद्धीस आला. खिडकीतून पैसे पुढे करायचे आणि कागदात गुंडाळलेला गरम वडा आत घ्यायचा, हा रिवाज दिवाडकरांच्या वड्याने घराघरांत नेला. वड्याची चव मसाल्यात असते हे खरे. पण गाडी तेथे थांबलीच नसती, तर तो मसाला कोणाला कळला असता, हाही प्रश्न आहेच.

चालती उपाहारगृहाची गाडी

खाण्यासाठी गावात उतरलेच पाहिजे असे नाही. १ जून १९३० रोजी सुरू झालेली 'डेक्कन क्वीन' स्वतःच एक खाद्यसहल आहे. टेबल-खुर्च्या मांडलेला, वाढपी असलेला भोजनयान डबा हे या गाडीचे वैशिष्ट्य. २०२२ मध्ये गाडीला नवे 'एलएचबी' डबे मिळाले, तेव्हाही भोजनयान कायम ठेवण्यात आले. ऑम्लेट, 'चीज टोस्ट', 'कटलेट' आणि चहा हा तेथील नेहमीचा थाट. सकाळी सव्वासातला पुणे सोडणारी ही गाडी साडेदहाच्या सुमारास मुंबईत पोहोचते आणि सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी परत निघून साडेआठच्या आत पुण्यात येते. मधल्या साडेसहा तासांत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या आसपासच भरपूर खाता येते. स्थानकासमोर पंचम पुरीवाला आहे. बॅलार्ड इस्टेटमध्ये १९२३ पासूनचे 'ब्रिटानिया' आहे, तेथील 'बेरी पुलाव' खायचा तर दुपारच्या जेवणाची वेळ साधावी. धोबीतलावला १९०४ मध्ये सुरू झालेले 'कयानी' आहे, तेथे ब्रून-मस्का आणि चहा. इराणी हॉटेले एकामागून एक बंद होत असताना ही दोन नावे टिकून आहेत. पुण्याच्या कॅम्पातील इराण्यांशी तुलना करत जेवण्यात पुणेकरांना वेगळाच आनंद मिळतो, हे सांगणे नलगे.

पूर्वेकडे : उरुळी, केडगाव, भिगवण

दौंडच्या दिशेने जाणारा मार्ग सहलीसाठी फारसा कोणी निवडत नाही. तथापि खाण्याच्या दृष्टीने तो सर्वांत विविधरंगी ठरावा. पहिला थांबा उरुळी कांचन. मार्च १९४६ मध्ये महात्मा गांधींनी येथे मुक्काम करून निसर्गोपचाराचे काम सुरू केले आणि पुढे मणिभाई देसाई यांनी ते वाढवले. मणिभाईंनीच १९६७ मध्ये 'बाएफ' ही संस्था उभारली, जिच्या संकरित गाईंनी देशभरातील दुधाचे चित्र बदलले. आश्रमातील मिताहार चटपटीत खाणाऱ्यांना मानवेल असे नाही. तरी चहात पडणाऱ्या दुधाचा इतिहास जेथे घडला, ते गाव एकदा पाहण्याजोगे आहे.

पुढे यवत, खुटबाव, केडगाव ही स्थानके येतात. मुळा-मुठा आणि भीमेच्या पाण्यावर पोसलेला हा उसाचा पट्टा आहे आणि दौंड तालुक्यातील गुऱ्हाळे प्रसिद्ध आहेत. थंडीच्या दिवसांत येथे जावे. चुलाणावर चढवलेली मोठी काहील, तिच्यात उकळणारा रस, वर येणारी मळी काढणारे हात, आणि पाक तयार झाला की त्याला वाफ्यात ओतून साच्यात भरण्याची घाई, हे सारे तासाभरात पाहून होते. ताजी काकवी आणि गरम गूळ भाकरीसोबत खाणे हा शहरी माणसाला सहसा न मिळणारा आनंद आहे. गूळ घेताना फार पिवळाधमक गूळ टाळावा. रंग उजळवण्यासाठी रसायने वापरली जातात, हे आता सर्वांना ठाऊक आहे. तपकिरी, किंचित मऊ गूळ दिसायला साधा असला तरी घरी नेण्याजोगा तोच.

दौंड ओलांडून सोलापूरच्या दिशेने निघाले, की पुण्यापासून सुमारे शंभर किलोमीटरवर भिगवण लागते. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाने भीमेच्या काठची अनेक गावे पाण्याखाली घेतली. विस्थापितांच्या वेदना त्या पाण्याखाली राहिल्या आणि पाण्यावर मासेमारीचा एक नवा व्यवसाय उभा राहिला. भिगवणचा मासळी बाजार आज पुणेकरांच्या परिचयाचा आहे. कटला, रोहू, मरळ, वाम हे मासे मिळतात. पण ताटात सर्वाधिक दिसतो तो चिलापी. हा मासा मूळचा आफ्रिकेतला. तो झपाट्याने वाढतो, स्वस्त पडतो आणि त्याच्या वाढीमुळे भीमेतील देशी मासे मागे पडले, अशी अभ्यासकांची तक्रार आहे. मासे खाणाऱ्यांनी देशी मासा आवर्जून मागितला, तर त्याची किंमत टिकून राहील. तळलेला तुकडा, तिखट रस्सा आणि ज्वारी-बाजरीची भाकरी हा येथील थाळीचा गाभा. समुद्राकाठच्या नारळी कालवणाची अपेक्षा ठेवून येथे येऊ नये, हा घाटावरचा रस्सा आहे. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या आरंभी जलाशयावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, तेव्हा सकाळी पक्षी आणि दुपारी मासे असा बेत उत्तम जमतो. स्थानकापासून जलाशयाच्या काठापर्यंत जाण्यासाठी रिक्षा किंवा जीप ठरवावी लागते.

दक्षिणेकडे : अंजीर, भरीत आणि कंदी पेढा

मिरजेकडे जाणारा मार्ग शिंदवणेचा घाट चढून पुरंदरच्या पठारावर येतो. आंबळे, राजेवाडी, जेजुरी, वाल्हे, नीरा अशी स्थानके एकामागून एक लागतात. हा प्रदेश अंजीर आणि सीताफळाचा. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अंजिराचे दोन बहार येतात. खट्टा बहार थंडीच्या सुमारास आणि मीठा बहार उन्हाळ्यात. जाणकार मीठ्या बहाराची वाट पाहतात, कारण त्यातील गोडी अधिक. सीताफळाचा हंगाम पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत. अंजीर झाडावरून उतरवले की एक-दोन दिवसांतच नरम पडते. मार्केट यार्डात पोहोचण्यासाठी ते पूर्ण पिकण्याआधीच तोडावे लागते. झाडावर पिकलेले अंजीर खायचे असेल, तर पुरंदरलाच गेले पाहिजे. या सहलीचे याहून चांगले कारण नाही.

ही सहल लांबणीवर टाकू नये, असे म्हणण्यासही कारण आहे. याच तालुक्यातील वनपुरी, उदाचीवाडी, कुंभारवळण, एखतपूर, मुंजवडी, खानवडी आणि पारगाव या सात गावांच्या जमिनीवर पुण्याचा नवा विमानतळ प्रस्तावित आहे. २०२५ मध्ये सर्वेक्षण सुरू झाले तेव्हा शेतकऱ्यांनी तीव्र विरोध केला. बागा राहाव्यात की विमानतळ व्हावा, हा वाद शासन आणि ग्रामस्थ यांच्यातील. तरी शहरातील फळबाजारावर त्याचा परिणाम झाल्यावाचून राहणार नाही, एवढे निश्चित.

जेजुरीला देवदर्शनासाठी जाणारे असंख्य, जेवणासाठी जाणारे विरळा. खंडोबाचा नैवेद्य म्हणजे वांग्याचे भरीत आणि रोडगा. चातुर्मासात कांदा, वांगे वर्ज्य मानणाऱ्या घरांत ते पुन्हा शिजते ते मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला. नव्या वांग्यांचा आणि नव्या बाजरीचा तोच काळ असतो. धर्माचा नेम आणि शेताचा हंगाम यांची सांगड घालण्याची पूर्वजांची हातोटी अशी ठिकठिकाणी दिसते. चंपाषष्ठीच्या दिवशी गडावर प्रचंड गर्दी असते. त्यानंतरच्या आठवड्यात गेल्यास दर्शन आणि भोजन दोन्ही निवांत होते. स्थानक गावापासून थोडे बाहेर आहे, हे ध्यानात ठेवावे.

लोणंद आणि आदर्कीचा घाट मागे टाकून गाडी वाठारला येते. एके काळी महाबळेश्वरला जाणारे याच स्थानकावर उतरून पुढे टांगा-मोटारीने वाई, पाचगणी गाठत. आज 'स्ट्रॉबेरी'साठी जाणारे सारे रस्त्याने जातात आणि वाठार शांत पडले आहे. पुढे साताऱ्याचा कंदी पेढा. खवा तुपावर तांबूस होईपर्यंत परतून केलेला, कमी साखरेचा हा पेढा इतर पेढ्यांहून किंचित खरपूस लागतो आणि टिकतोही अधिक. सातारा स्थानक शहरापासून दूर, माहुलीच्या बाजूला आहे, त्यामुळे रिक्षाचा खर्च गृहीत धरावा. त्यापुढील कोरेगावच्या परिसरात वाघ्या घेवडा पिकतो. वाघाच्या अंगावरील पट्ट्यांसारख्या रेषा असलेल्या या घेवड्यालाही भौगोलिक मानांकन आहे. पेढा कोणीही आणतो, साताऱ्याहून वाघ्या घेवडा आणणारा खरा दर्दी.

साताऱ्याचा मार्ग वळणावळणाचा असल्याने रेल्वेचे अंतर रस्त्यापेक्षा बरेच अधिक भरते आणि गाड्याही मोजक्याच. त्यामुळे एका दिवसात जेजुरी सहज साधते. साताऱ्यासाठी मात्र पहाटे निघण्याची आणि रात्री उशिरा परतण्याची तयारी हवी. कोल्हापूरचा तांबडा-पांढरा आणि सोलापूरची शेंगा चटणी यांसाठी एक रात्र मुक्काम करणेच इष्ट.

वाइन : द्राक्षे जवळ, रूळ दूर

आता वाइनकडे वळू. या पेयासाठी रेल्वे हे सर्वांत योग्य वाहन, कारण परतताना कोणालाही गाडी चालवायची नसते. मोटार वाहन कायद्यानुसार शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यांश आढळल्यास चालकावर गुन्हा दाखल होतो. २०१९ मधील दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. युरोपात राजधानीहून सकाळी आगगाडीने द्राक्षमळ्यांच्या गावी जायचे, चार-सहा वाइन चाखायच्या आणि सायंकाळी परतायचे, ही रीत रुळली आहे ती याच सोयीमुळे.

महाराष्ट्रात वाइनचा आधुनिक इतिहास सुरू होतो तोच पुणे जिल्ह्यात. नारायणगाव येथे १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी 'इंडाज' उभारली. तेथे फ्रेंच तंत्राने बनवलेली फसफसणारी वाइन 'ओमर खय्याम' या नावाने परदेशात गेली. २००८ च्या जागतिक मंदीनंतर कर्जाच्या ओझ्याखाली हा उद्योग कोसळला. तोवर नाशिकला राजीव सामंत यांची 'सुला' उभी राहिली होती. तिची पहिली वाइन २००० मध्ये आली. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर, तर सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन उद्यानांची आखणी झाली. पुढे सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ 'फ्रातेली' आणि दौंड तालुक्यातील रोटी येथे 'फोर सीझन्स' या वायनरी आल्या.

यांपैकी रेल्वेने काय साधते? नाशिक पुण्यापासून रस्त्याने सुमारे २१० किलोमीटर. पण दोन्ही शहरांना जोडणारा थेट रेल्वेमार्ग नाही. कल्याणला किंवा मनमाडला वळसा घालून जाण्यात एका दिवसाच्या सहलीचा बोजवारा उडतो. मुंबईकर मात्र सकाळच्या 'तपोवन एक्सप्रेस'ने निघून नाशिक रोडला उतरू शकतो आणि सायंकाळी परतू शकतो. २०२३ पासून मुंबई-शिर्डी 'वंदे भारत'ही त्याच्या दिमतीला आहे. म्हणजे राज्याच्या राजधानीतून वाइनची एकदिवसीय रेल्वे सहल शक्य आहे, पुण्यातून नाही. पुणे-नाशिक मार्गाची मागणी जुनी आहे. 'महारेल'ने सुमारे २३५ किलोमीटरचा 'सेमी हायस्पीड' मार्ग आखलाही होता. नारायणगावजवळ खोडद येथे असलेल्या 'जीएमआरटी' या रेडिओ दुर्बिणीच्या कामात रेल्वेमुळे अडथळा येईल, असा आक्षेप निघाल्याने मूळ आखणीचा फेरविचार करावा लागला. दुर्बीण जागतिक महत्त्वाची आहे, तिला धक्का लागू नये हे खरेच. परंतु चाकण, नारायणगाव, संगमनेर या पट्ट्यातील शेतमाल आणि प्रवासी दोन्ही त्यामुळे रस्त्यावरच राहिले.

पलूसला जवळचे स्थानक किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये वसवलेली ही उद्योगनगरी थेट मिरज मार्गावर आहे, पण एका दिवसासाठी लांब पडते. अकलूजला रेल्वेच नाही. राहते रोटी. दौंड मार्गावरील पाटसहून बारामतीच्या रस्त्याला लागले, की तुकोबांच्या पालखीमुळे सर्वांना ठाऊक असलेला रोटीचा घाट लागतो. त्याच परिसरात ही वायनरी उभारली गेली. तिची मालकी पुढे 'ग्रोवर झांपा'कडे गेली. पाटसपासून पुढचे अंतर भाड्याच्या वाहनानेच कापावे लागते. कोणत्याही वायनरीकडे निघण्यापूर्वी ती पर्यटकांसाठी खुली आहे काय, हे दूरध्वनीवरून विचारून घेणे अगत्याचे.

मद्य न घेणाऱ्या, पण द्राक्षाविषयी कुतूहल असलेल्या वाचकांसाठी मांजरी हे नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे. पुणे-दौंड मार्गावरील या गावात १९९७ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. रसासाठी उपयुक्त 'मांजरी मेडिका' हे वाण येथलेच. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनेही 'एआरआय ५१६' हे रस व वाइन दोन्हींसाठी चालणारे वाण विकसित केले आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी आणि जानेवारी ते मार्च या काळात वाइनच्या द्राक्षांची काढणी, असे या पिकाचे वेळापत्रक. मळा पाहायचा तर याच तीन महिन्यांत जावे.

छोट्या थांब्याचे मोल

कर्जतचा वडा, लोणावळ्याची चिक्की यांचा इतिहास एकच सांगतो. गाडी थांबते तेथे पदार्थ वाढतो आणि गाडी थांबेनाशी झाली, की वाठारसारखे स्थानक ओस पडते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे 'पॅसेंजर' गाड्या बंद झाल्या. पुन्हा सुरू झाल्या तेव्हा अनेक गाड्यांना 'एक्सप्रेस'चे भाडे लागू झाले आणि किमान तिकीट दहा रुपयांवरून तीस रुपयांवर गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये जुने किमान भाडे परत आले. अनेक छोटे थांबे मात्र नव्या वेळापत्रकांत गळाले ते गळालेच. सुसाट गाड्यांचे कौतुक जरूर व्हावे. पण टोपलीभर अंजीर घेऊन बाजारात जाणाऱ्या शेतकरी महिलेला 'वंदे भारत'चा उपयोग नाही, तिला राजेवाडीला थांबणारी गाडी हवी आहे. शहरातील खवय्याचीही तीच गरज आहे. रेल्वेने २०२२ पासून 'एक स्थानक एक उत्पादन' ही योजना राबवून स्थानिक मालाला फलाटावर जागा देऊ केली, हे स्वागतार्हच. मात्र विक्रीला ग्राहक लागतो आणि ग्राहकाला उतरण्यासाठी गाडी थांबावी लागते.

हे लक्षात ठेवा

* वेळापत्रक वारंवार बदलते. निघण्याच्या आदल्या दिवशी १३९ या क्रमांकावर किंवा रेल्वेच्या अधिकृत ॲपवर खात्री करावी. २०२५ मध्ये आलेल्या 'रेलवन' ॲपवर अनारक्षित तिकीटही काढता येते.
* रविवारी रुळांच्या देखभालीसाठी 'ब्लॉक' घेतला जातो. शक्य असल्यास शनिवार निवडावा.
* परतीची शेवटची गाडी आणि तिच्या आधीची गाडी, दोन्हींच्या वेळा लिहून ठेवाव्यात.
* तांदूळ, गूळ यांसाठी कापडी पिशवी, अंजिरासाठी पसरट डबा, मासे आणायचे असल्यास घट्ट झाकणाचा बर्फाचा डबा सोबत असावा. सहप्रवाशांच्या नाकाचा विचार करावा.
* रेल्वेच्या हद्दीत मद्यधुंद अवस्थेत आढळणे हा रेल्वे कायद्याच्या कलम १४५ नुसार गुन्हा आहे. वाइन चाखून परतणाऱ्यांनी भान ठेवावे, सीलबंद बाटली डब्यात उघडू नये.
* हंगाम पाहून दिशा ठरवावी. पावसाळा ते दिवाळी सीताफळासाठी पुरंदर, दिवाळीनंतर तांदळासाठी मावळ, मार्गशीर्षात भरीत-रोडग्यासाठी जेजुरी, थंडीत गुळासाठी केडगाव, हिवाळ्यात मासे-पक्ष्यांसाठी भिगवण, उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा अंजिरासाठी पुरंदर.

वर्षभरात या सहा फेऱ्या केल्या, तरी दोन जणांचा रेल्वेचा एकूण खर्च मोटारीत एकदा टाकी भरण्याच्या आतच राहील. पहिली फेरी कोणती करावी, असा प्रश्न पडल्यास उत्तर सोपे आहे. सध्या मार्केट यार्डात कोणत्या मालाची आवक सर्वाधिक आहे ते पाहावे आणि त्या दिशेचे तिकीट काढावे.